घोड्यांच्या नव्या पेठेंत

विलायतेस जाऊन आलेल्या गृहस्थांचीं प्रवासवर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. लंडनचा मनोरा, टेम्स नदीवरील पूल, ऑक्सफर्डचीं विद्यालयें, शेक्सपिअरचें गांव, हीं ठिकाणें आतां आपणांस पर्वतीच्या पायऱ्यांइतकीं परिचयाचीं झालीं आहेत. त्यांविषयीं पुनः लिहून वाचकांचा वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. आम्ही लिहिणार आहों तें एका लहानशा गांवाविषयीं. तेथें माणसांची वस्ती वीस हजारांच्या आंत, पण शर्यतीचे घोडे मात्र सुमारें तीन हजार. आणि सकाळच्या प्रहरीं रस्त्यावर पहिला मान घोड्याचा, मग माणसाचा. या गांवाचें नांव न्यूमार्केट. शब्दशः भाषांतर करावयाचें तर 'नवी पेठ'! पुणेकर वाचकांस हें नांव घरचेंच वाटेल.

आम्ही तेथें शर्यती पाहावयास गेलों नव्हतों, हें आधींच सांगून टाकतों. पैसा लावून घोडा पळविण्याचा आम्हांस शौक नाहीं, व साठी उलटल्यावर तो नव्यानें लागण्याची भीतिहि नाहीं. आमची पुतणी मुंबईस परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकली. सन १८८६ पासून चालत आलेलें तें विद्यालय होय. पुढें विलायतेंत अश्ववैद्यकाचा विशेष अभ्यास करून ती न्यूमार्केटजवळच्या एका घोड्यांच्या रुग्णालयांत नोकरीस लागली. सन २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब तिच्याकडे राहावयास गेलों होतों. तेथें पाहिलेल्या एका गोष्टीनें आमच्या मनांत बरेच दिवस घर केलें, ती वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

केंब्रिजहून आगगाडीनें वीस-पंचवीस मिनिटांत न्यूमार्केट येतें. गांव सफोक परगण्यांतलें, पण त्याच्या जवळ जवळ चोहों बाजूंस केंब्रिजचा परगणा पसरलेला. भोंवतालची जमीन खडूच्या थरावर वसली आहे. पाऊस पडला तरी पाणी झिरपून जातें, चिखल फारसा होत नाहीं, आणि वर आखूड, दाट गवताची गादी कायम राहते. घोडा पळविण्यास अशी भूमि दुर्लभ. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स या माळावर इतका रमला कीं १६७१ सालीं येथील 'टाउन प्लेट' नांवाची शर्यत त्यानें स्वतः घोड्यावर बसून जिंकली. त्याच्या आवडत्या घोड्याच्या नांवावरून लोक त्यालाहि थट्टेनें 'ओल्ड रौली' म्हणत, आणि येथील मुख्य शर्यतमैदान आजहि 'रौली माइल' याच नांवानें ओळखलें जातें. त्या मैदानाच्या व जवळच्या दुसऱ्या मैदानाच्या मधून एक प्राचीन मातीचा बांध गेला आहे. अँग्लो-सॅक्सन काळांतील या बांधाची लांबी सुमारें बारा किलोमीटर. कोणा मानवाच्या हातून एवढें काम होणार नाहीं, अशा समजुतीनें लोकांनीं त्यास 'सैतानाचा बांध' हें नांव दिलें. आपल्याकडे असा बांध असता तर तो पांडवांच्या नांवावर गेला असता!

न्यूमार्केट पाहावें तें पहाटे. साडेपांच-सहा वाजतां तबेल्यांचीं दारें उघडतात, आणि वीस-वीस, तीस-तीस घोड्यांच्या रांगा गांवांतून माळाकडे निघतात. त्यांच्यासाठीं रस्त्यांच्या कडेनें स्वतंत्र वाटा राखलेल्या आहेत. जेथें घोड्यांची वाट हमरस्ता ओलांडते तेथें मोटारी, दुधाच्या गाड्या, कचेरीस निघालेलीं माणसें, सर्व मुकाट्यानें थांबतात. कोणी कर्णा वाजवीत नाहीं. गांवाच्या पूर्वेस वॉरन हिल नांवाचा चढ आहे. त्यावरून घोडे जोडीजोडीनें दौडत वर येतात तेव्हां प्रथम कांहींच ऐकूं येत नाहीं; मग जमिनींतून आल्यासारखा टापांचा धीरगंभीर नाद, पाठोपाठ नाकपुड्यांतून सुटणाऱ्या श्वासांचा आवाज, आणि क्षणार्धांत सर्व कांहीं पुढें निघून जातें. दुपारीं एक वाजेपर्यंत हा माळ घोड्यांचा. नंतर तेथें माणसांनीं फिरावें, अशी येथली वहिवाट आहे.

या चढाजवळच 'वॉरन प्लेस' नांवाचा प्रसिद्ध तबेला आहे. त्याची हकीकत ऐकून आमचा ऊर भरून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या मालकीचा होता. महाराजांनीं १९४५ सालीं एक वर्षाचें शिंगरूं अठ्ठावीस हजार गिनींस विकत घेतलें. त्या काळीं एवढी किंमत कोणत्याहि शिंगरास आली नव्हती. महाराजांनीं त्याचें नांव ठेविलें 'सयाजीराव'! आपल्या आजोबांचें नांव घोड्यास द्यावें कीं नाहीं, यावर आमच्या घरांत त्या रात्रीं बराच खल झाला. परंतु घोड्यानें नांव राखलें. १९४७ सालीं त्यानें डॉंकास्टर येथील 'सेंट लेजर' ही शर्यत जिंकली. पुढल्याच वर्षीं महाराजांच्या 'माय बाबू' या घोड्यानें खुद्द न्यूमार्केटांत 'दोन हजार गिनी' ही शर्यत मारली. नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाणें गांवच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें बडोद्याच्या गादीवर बसून उजळलेलें नांव इंग्लंडच्या माळावर हजारों मुखांतून गर्जलें, ही कल्पनाच रोमांचकारक नव्हे काय? याच तबेल्यांत पुढें 'फ्रँकेल' नांवाचा घोडा तयार झाला. २०१० ते २०१२ या काळांत तो चौदा शर्यती धांवला व चौदाहि जिंकला.

असो. वैभवाची गोष्ट झाली, आतां दुखण्याची. तीन हजार घोडे म्हणजे बारा हजार पाय. बारा हजार पायांच्या गांवांत कोणता ना कोणता पाय रोज दुखावयाचाच. घोड्याचें शरीर सुमारें पांचशे किलो वजनाचें, पण गुडघ्याखालीं त्याच्या पायास मांस म्हणून नाहीं. कातडी, स्नायूंच्या दोऱ्या, हाडें, आणि तळाशीं खूर. एवढ्यावर सारा डोलारा. त्यांत कोठें इजा झाली तर सांगणार कोण? घोडा बोलत नाहीं. इतकेंच नव्हे, तर हिंस्र पशूंचें भक्ष्य म्हणून जन्मास आलेलें हें जनावर आपलें दुखणें होतां होईल तों लपवितें. रानांत जो लंगडला तो मेला, हा धडा त्याच्या रक्तांत आहे.

आमच्या पुतणीनें एके दिवशीं आम्हांस रुग्णालयांत नेलें. तेथें एक नऊ वर्षांची कुमाईत घोडी आली होती. शर्यतींतून निवृत्त झालेली ही घोडी एका प्राथमिक शाळेंतील शिक्षिकाबाईंनीं पाळली होती. शिक्षकाच्या पगारांत घोडी पाळणें म्हणजे काय, हें कोणत्याहि देशांतील शिक्षकास सांगावयास नको. तीन महिने घोडीच्या चालींत कांहीं तरी उणें आहे असें बाईंस वाटत होतें. एक जाणता स्वार म्हणे, मागचा उजवा पाय. नालबंद म्हणे, पुढचा डावा खूर. तिसरा म्हणे, दुखणें वगैरे कांहीं नाहीं, हिची चालच अशी. बाईंनीं विसावा देऊन पाहिला, नाल बदलून पाहिले. दुखणें सांपडलें नाहीं तर उपचार कशावर करावयाचा? आणि घोडीस वेदना होत असतील तर तिला तशाच ठेवावयाची कीं तिचा शेवट करावयाचा? हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघत नव्हता, पण चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला होता.

घोड्याची परीक्षा दुडक्या चालींत करतात. आपल्या कोशकारांनीं घोड्याच्या पांच गति सांगितल्या आहेत. त्यांतली 'धौरितक' ती बहुधा हीच. या चालींत पुढचा डावा व मागचा उजवा हे पाय जोडीनें पडतात, मग पुढचा उजवा व मागचा डावा. अर्थात् एका पाऊलफेऱ्यांत शरीर दोनदां खालीं-वर होतें, आणि घोडा निकोप असेल तर हीं दोन्ही आंदोलनें हुबेहूब सारखीं असतात. पण पुढचा डावा पाय दुखत असेल तर तो टेकतांना घोडा डोकें वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो. आणि निरोगी पाय टेकतांना डोकें अधिक खालीं येतें. मागचा पाय दुखत असेल तर हाच खेळ कमरेच्या हाडावर दिसतो. शतकानुशतकें अश्वपरीक्षक हेंच डोळ्यांनीं पाहत आले.

परंतु डोळा कोठवर पुरणार? लंगडणें ठळक असेल तर तें शेंबडें पोरहि ओळखील. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजांतील अभ्यासकांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, डाव्या-उजव्या बाजूंच्या हालचालींतील फरक सुमारें पंचवीस टक्क्यांहून कमी असला म्हणजे माणसाच्या दृष्टीस तो धड कळत नाहीं. अमेरिकेंत मिसुरी विद्यापीठाचे डॉ. केव्हिन कीगन व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं १३१ घोड्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच घोड्यास अनेक अनुभवी वैद्यांनीं पाहिलें असतां, लंगडणें स्पष्ट असेल तेथें अमुक पाय लंगडा कीं नाहीं यावर शंभरांत सुमारें ९३ वेळां त्यांचें एकमत झालें. पण तें सौम्य असेल तेथें फक्त ६२ वेळां. होय-नाहींचा प्रश्न नाणें उडवून सोडविला तरी ५० वेळां एकमत होईल, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ६२ या आंकड्याची किंमत कळते.

म्हणून गति मोजण्याची युक्ति निघाली. मोजण्याची हौस नवी नाहीं. फ्रान्सांतील मारे नांवाच्या शास्त्रज्ञानें घोड्याच्या खुरांस हवेनें भरलेले रबरी गोळे लावून, नळ्यांच्या द्वारें पावलांची नोंद स्वाराच्या हातांतील यंत्रावर उमटविली, व १८७३ सालीं आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिज यानें धांवत्या घोड्याचीं क्रमानें छायाचित्रें घेऊन, दौडतांना एका क्षणीं त्याचे चारहि पाय अधांतरीं असतात हें सिद्ध केलें. आतां तीच विद्या आगपेटीएवढ्या उपकरणांत आली आहे. आमच्या समोर पुतणीनें घोडीच्या डोक्यावर, दोन कानांच्या मधोमध, एक गतिमापक बसविला. दुसरा कमरेच्या उंचवट्यावर चिकटविला, आणि तिसरा पुढल्या उजव्या पायास, खुराच्या वर बांधला. पहिले दोन वरखालीं होणारी हालचाल टिपतात. तिसरा पायाचें वळणें टिपतो, म्हणजे कोणतें आंदोलन कोणत्या पायाचें हें कळतें. सेकंदास दोनशें वेळां ही नोंद बिनतारी मार्गानें संगणकाकडे जाते. घोडी कठीण जमिनीवर सरळ रेषेंत दुडकत जाऊन परत आली, पंचवीस-तीस पाऊलफेरे झाले, कीं सरासरी फरक मिलिमीटरांत पडद्यावर उमटतो. या पद्धतींत डोक्याच्या बाबतींत सहा मिलिमीटर व कमरेच्या बाबतींत तीन मिलिमीटर ही मर्यादा धरतात. आमच्या गृहिणी-वाचकांसाठीं सांगावयाचें तर, एक तांदळाचा दाणा आणि एक तिळाचा दाणा! पांचशे किलोंचें जनावर धांवत असतां तिळाएवढा फरक वेचून काढावयाचा, ही गोष्ट आम्हांस अद्भुत वाटली.

घोडीची प्रथम दोन वेळां मोजणी झाली. एकदां आलेला आंकडा योगायोगाचा नाहीं ना, याची खात्री करण्यासाठीं ही दुसरी मोजणी. दोन्ही वेळां पुढच्या डाव्या पायाकडे चौदाच्या आसपास मिलिमीटरांचा फरक आला, आणि मागच्या उजव्याकडेहि मर्यादेबाहेरचा फरक दिसला. म्हणजे स्वारहि खरा आणि नालबंदहि खरा! आतां दोन पाय दुखत होते कीं एक? आणि त्या पायांत नेमकें कोठें?

येथें मज्जातंतु बधिर करण्याची क्रिया उपयोगास येते. ही क्रिया फार जुनी असून जगभर चालते. ती समजण्यास आम्हांस आमच्या जुन्या वाड्याची आठवण उपयोगी पडली. रात्रीं वाड्यांत कोठें तरी मूल रडत आहे. कोणत्या खोलींत तें कळत नाहीं. तेव्हां अगदीं टोंकाच्या खोलीपासून एकेक दार लावीत यावें. ज्या दाराबरोबर रडणें ऐकूं येईनासें झालें त्या दाराआड मूल आहे. मूल रडावयाचें थांबलेलें नसतें. फक्त आवाज पोंचत नाहीं. त्याचप्रमाणें पायाच्या तळापासून आरंभ करून मज्जातंतूंजवळ मेपिव्हकेनसारखें बधिर करणारें औषध टोंचतात, आणि घोडा पुनः दुडकवितात. लंगडणें गेलें तर दुखणें त्या दाराआड. नाहीं तर वरचें दार. क्रम खालून वर असाच पाहिजे, कारण दिंडी दरवाजाच आधीं लावला तर सारा वाडा एकदम गप्प होईल आणि मुलाचा पत्ता कधींच लागणार नाहीं. जेथें हाड मोडल्याचा संशय असेल तेथें मात्र ही क्रिया करीत नाहींत. वेदना गेली कीं जनावर त्या पायावर सगळा भार टाकतें, आणि चीर गेलेलें हाड दुभंगतें.

पुतणीनें प्रथम टांचेच्या वर, दोन्ही बाजूंस औषध टोंचलें. दहा मिनिटें गेलीं. टांचेवर बोथट टोंकानें दाबून, घोडीस तें कळत नाहीं याची खात्री केली. घोडी पुनः दुडकली. बाई लगेच उद्गारल्या, "पाहा, केवढा फरक पडला!" घोडी धरणारा मोतद्दारहि मान डोलवून हंसला. पाहणाऱ्या सर्वांच्या तोंडावर समाधान पसरलें. पुतणी मात्र पडद्याकडे पाहत राहिली. आंकडा चौदाचा बारा झाला होता. घोडी जवळ जवळ पहिल्याइतकीच लंगडत होती.

हा मनुष्यस्वभाव आहे. आपण औषध दिलें, आतां गुण येणार, अशी अपेक्षा एकदां मनांत बसली कीं डोळा मनाचा चाकर होतो. विलायतेंतील अभ्यासकांनीं २००६ सालीं हेंच तपासलें होतें. मज्जातंतु बधिर केला आहे हें ठाऊक असलेल्या परीक्षकांच्या निर्णयांत त्या माहितीमुळें झुकाव येतो, असें त्यांस आढळलें. परीक्षक लुच्चे नव्हते, अनाडीहि नव्हते. ते आशावादी होते. 'दिसतें तसें नसतें' ही म्हण आपण दुसऱ्यांच्या लबाडीविषयीं वापरतों. पण आपल्याच चांगल्या इच्छेनें आपला डोळा फसतो, हा तिचा अर्थ अधिक खोल आहे.

त्या दिवशीं बाईंच्या शब्दावर काम थांबलें असतें, तर दुखणें टांचेंत आहे असें ठरून भलत्याच जागीं उपचार सुरू झाले असते. पुतणीनें दुसरें दार लावलें. खुराच्या वर जो पहिला मोठा सांधा असतो त्याच्या मागें, दोन्ही बाजूंस औषध टोंचलें. पुनः दहा मिनिटांचा विसावा, पुनः दुडकी. या वेळीं कोणी कांहीं बोललें नाहीं. सर्वांचे डोळे पडद्यावर. डोक्याचा फरक चारावर आला होता, आणि मागच्या उजव्या पायाकडे हातहि न लावतां तेथला फरक मर्यादेच्या आंत गेला होता.

बाईंनीं विचारलें, "म्हणजे मागचा पाय दुखतच नव्हता?"

पुतणी म्हणाली, "नाहीं. पुढचा डावा वांचविण्यासाठीं ती शरीर असें तोलीत होती कीं मागचा उजवा दुखरा दिसावा."

पुढला डावा आणि मागला उजवा अशी तिरपी जोडी दिसली तर मूळ दुखणें बहुधा पुढच्या पायांत. एकाच बाजूचे पुढचा व मागचा दिसले तर बहुधा मागच्यांत. ही ढोबळ खूण वैद्यांस ठाऊक असते, पण निकाल लागतो तो असा दार लावून. बाईंनीं घोडीच्या मानेवर कपाळ टेकलें. आम्ही दुसरीकडे पाहूं लागलों.

घरीं परततांना आम्ही पुतणीस म्हणालों, "बाळ, आतां तुमच्या डोळ्यांचें कामच संपलें म्हणावयाचें!"

ती हंसली. "काका, यंत्रास मिलिमीटर कळतात, दुखणें कळत नाहीं. समजा, पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखत आहेत. डाव्या-उजव्यांत फरकच नाहीं. यंत्र म्हणेल, घोडा ठीक! पण घोडा आंखडून, बिचकत टाकीत असलेलें पाऊल मला दिसतें. मग एक पाय बधिर केला कीं दुसऱ्याचें लंगडणें एकदम यंत्रावर उघडें पडतें. तो पाय बधिर करावा, हें मात्र यंत्रानें सुचविलेलें नसतें."

तिनें आणखीहि सांगितलें. वर्तुळांत फिरविलें तर निरोगी घोड्यासहि फरक दिसतो. उमद्या, खेळकर घोड्यानें मान झटकली कीं आंकडे विस्कटतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, मालकांच्या मतें पूर्ण निकोप अशा २२२ घोड्यांपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक घोडे मर्यादेबाहेर निघाले. ते सारे आजारी म्हणावयाचे काय? माणसांतहि डावखुरे-उजवे असतात. तसें कांहींचें जन्मजात असेल, कांहींचें खरेंच छपलेलें दुखणें असेल. आंकड्यानें ही निवड होत नाहीं. बधिर केल्यावर जो फरक नाहींसा होतो त्याच्या मुळाशीं वेदना असण्याचा संभव मोठा, एवढें म्हणतां येतें. आणि औषध वर झिरपून शेजारचें दारहि लावूं शकतें, हें विसरून चालत नाहीं. याच परिसरांत 'अॅनिमल हेल्थ ट्रस्ट' नांवाची, १९४२ सालीं स्थापन झालेली संस्था अशा अभ्यासासाठीं नांवाजलेली होती. द्रव्याअभावीं ती २०२० सालीं बंद पडली, हें सांगतांना पुतणीचा आवाज उतरला. तेथील डॉ. स्यू डायसन यांनीं जन्मभर घोडे पाहून जें लिहिलें, त्यावर तिची पिढी शिकली आहे.

तिचें बोलणें ऐकतां ऐकतां आम्हांस नलोपाख्यान आठवलें. बाहुकाच्या वेषांतील नल ऋतुपर्ण राजाचा रथ हांकीत आहे. नलास अश्वहृदय ठाऊक, म्हणजे घोड्याच्या अंतरींचें सर्व कळतें. पण द्यूतांत त्याचें सर्वस्व गेलें, कारण संख्येची विद्या त्याच्याजवळ नव्हती. ऋतुपर्णास ती विद्या अवगत. वाटेंत बेहड्याच्या झाडाचीं पानें-फळें तो एका दृष्टिक्षेपांत मोजून सांगतो. नल त्यावर विश्वास ठेवीत नाहीं. रथ थांबवितो, झाड तोडतो आणि फळें मोजून पाहतो. संख्या तंतोतंत जुळते. मग दोघे विद्येची अदलाबदल ठरवितात, आणि नलाच्या अंगांतला कलि बाहेर पडतो. ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! पण अश्वविद्या आणि संख्याविद्या यांची देवघेव व्यासांनीं एकाच रथावर कां बसविली, याचा नीट उलगडा न्यूमार्केटच्या रस्त्यावर झाला. एकट्या अश्वहृदयास आशेचा कलि ग्रासतो. एकट्या संख्येस घोडाच दिसत नाहीं. दोन्ही एका रथावर बसलीं म्हणजेच मुकामास पोंचतां येतें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तपासणी संपल्यावर त्या घोडीस लगेच मोकळें सोडलें नाहीं. औषध उतरेपर्यंत तिला खोलींत शांत उभी ठेविली. वेदना ही शरीराची पहारेकरीण. तिला क्षणभर झोपविलें तें चोर शोधण्यासाठीं, चोरास वाट मोकळी करून देण्यासाठीं नव्हे. ज्या औषधानें दुखणें उघडकीस येतें त्याच औषधानें तें लपवितांहि येतें. म्हणून असें औषध अंगांत असतां घोडा शर्यतींत उतरविणें हा सर्वत्र अपराध मानलेला आहे. विद्या तीच, एका हातांत ती साक्ष होते, दुसऱ्या हातांत खोटी साक्ष.

पुढें त्या घोडीच्या पायाचीं निरनिराळ्या यंत्रांनीं चित्रें घेण्यांत आलीं, व खुराच्या वरच्या भागांतील एका बंधनीस ताण बसल्याचें निष्पन्न झालें. दीर्घ विसावा व मोजून-मापून चालविणें हा उपचार ठरला. दिवाळीच्या सुमारास पुतणीचें पत्र आलें. घोडी हातांत धरून रोज चालते, बाई शाळेंत जाण्यापूर्वीं पहाटे अंधारांत स्वतः तिला फिरवितात. स्वारीस अजून अवकाश आहे. पूर्ण बरी होईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण शेवटाचा प्रश्न आतां कोणी काढीत नाहीं.

आपल्याकडे माथेरान, पांचगणी, महाबळेश्वर येथें सुट्टींत मुलांना घोड्यावर बसविण्याची हौस प्रत्येक कुटुंबास असते. आपल्याजवळ तिळाएवढा फरक मोजणारें यंत्र नाहीं, व त्याची तेथें गरजहि नाहीं. भाडें ठरविण्यापूर्वीं घोडेवाल्यास एवढेंच सांगावें, कीं बाबा, दहा-वीस पावलें याला सरळ दुडकत ने आणि आण. एखादा ठराविक पाय टेकतांना दर वेळीं डोकें वर उसळत असेल, तर मुलास त्या घोड्यावर बसवूं नये. घोडेवाल्यावर रागावूंहि नये, कारण त्याचें पोट त्याच पायांवर आहे. त्याला शांतपणें दाखवून द्यावें, आणि जमल्यास त्या दिवसाचें भाडें देऊन घोड्यास विसावा मिळवून द्यावा. मूल थोडें हिरमुसेल. पण मुकें जनावर बोलत नसलें तरी सांगत असतें, आणि तें ऐकावयाचें असतें, हा धडा त्याला घोड्याच्या पाठीवरून मिळाला नसता तो जमिनीवर उभें राहून मिळेल.